सात लिटरची गाडी, सव्वीस सेंटिमीटरची भेट: फोर्टातील एका दुकानाविषयी

माझे थोरले मामा १९७१ साली कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये कामाला लागले, तेव्हा त्या कारखान्यातून फियाट बाहेर पडत होत्या. पण त्यांच्या वरच्या पिढीत असे मिस्त्री होते, ज्यांनी क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या परवान्याने डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडल्या होत्या. त्यामुळे मामांच्या तोंडी प्लिमथ हे नाव आजही एखाद्या नातेवाइकाचे यावे तसे येते. यंदा त्यांची पंच्याहत्तरी झाली. शाल, श्रीफळ आणि चांदीचे निरंजन यांपलीकडे काही द्यावे, असे आम्हा भाचरांना वाटत होते, आणि त्या शोधात मी फोर्टातील ज्या दुकानात दोन महिन्यांत चार वेळा गेलो, त्याविषयी हे लिहीत आहे. मालकांच्या विनंतीवरून दुकानाचे नाव देत नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून हुतात्मा चौकाकडे चालत जाताना उजव्या हाताच्या एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या पोटमाळ्यावर ते आहे, एवढे सांगणे पुरेसे आहे. या छंदातल्या माणसांना ते आधीच ठाऊक असेल.

दुकान लहान आहे. लाकडी जिना चढताना डोके सांभाळावे लागते, आणि वर गेल्यावर एका वेळी पाच गिऱ्हाईक आले, तर सहाव्याने जिन्यातच थांबावे अशी स्थिती होते. तीन भिंतींना काचेची कपाटे आहेत आणि चौथ्या भिंतीवर पत्र्याच्या पाट्या, घड्याळे, चाव्यांच्या जुडग्यांसाठीची कडी, मग आणि टोप्या असा माल टांगलेला आहे. साठी ओलांडलेले मालक गल्ल्यावर बसतात, आणि त्यांची मुलगी व्हॉट्सॲपवरच्या मागण्या, बिले व पॅकिंग पाहते. जगातल्या सगळ्याच गाड्यांची छोटी रूपे येथे मिळतात, परंतु मालकांचा जीव अडकला आहे तो १९६४ ते १९७४ या दहा वर्षांतल्या अमेरिकन मसल कारमध्ये, आणि उत्तम माल त्याच कपाटांत आहे.

मसल कार म्हणजे काय, याचे मालकांनी दिलेले उत्तर मला आवडले: मधल्या आकाराच्या साध्या घरगुती गाडीत थोरल्या गाडीचे इंजिन बसवायचे आणि किंमत तरुणाच्या पगारात बसेल अशी ठेवायची. १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओने हा प्रकार रूढ केला, असे सामान्यतः मानले जाते. पाँटिअॅकची मालक असलेल्या जनरल मोटर्सने मधल्या आकाराच्या गाड्यांसाठी ३३० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन वापरायला मनाई केली होती. पाँटिअॅकचे अभियंते जॉन डीलोरिअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेम्पेस्ट या गाडीत ३८९ घन इंचांचे इंजिन बसवले आणि जीटीओ हे वेगळे मॉडेल नसून टेम्पेस्टवर घेण्याचा एक ऐच्छिक संच आहे, असे दाखवून तो नियम चुकवला. पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या विकल्या गेल्यावर नियमाची आठवण कोणाला राहिली असेल असे वाटत नाही. त्यानंतरच्या सात-आठ वर्षांत शेवरले, डॉज, प्लिमथ, फोर्ड हे सगळे या चढाओढीत उतरले. मग विम्याचे हप्ते वाढले, १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे इंजिनांवर बंधने आली, १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले, आणि हा खेळ आटोपला.

या दहा वर्षांत या गाड्या मुंबईकडे फारशा फिरकल्याच नाहीत, ही गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ पासून होता. तो १९५४ मध्ये बंद झाला. पुढे आयातीची दारे जवळजवळ मिटली. म्हणून मुंबईच्या जुन्या माणसाला डॉज किंवा प्लिमथ म्हटले की ऐसपैस, गोलसर, सावकाश चालणारी गाडी आठवते, आणि त्याच नावाची, रुंद पट्ट्यांची, जांभळ्या रंगाची रांगडी गाडी त्याने पाहिलेली असते ती केवळ छायाचित्रात किंवा मुलांच्या खेळण्यात. अमेरिकेतला शौकीन आपल्या तरुणपणी चालवलेल्या गाडीची आठवण म्हणून तिची प्रतिकृती विकत घेतो. आपण जी गाडी कधी रस्त्यावर ऐकलीही नाही, तिची प्रतिकृती घेतो. आपल्याला ती अचूक असण्याची गरज म्हणूनच अधिक आहे, कारण ताडून पाहायला आपल्याजवळ मूळ गाडी नाही. या दुकानातला माल मी याच एका कसोटीवर पाहिला, आणि त्या कसोटीवर तीन कपाटे उत्तीर्ण होतात, तर चौथी भिंत बहुतांशी नापास होते.

प्रथम त्या भिंतीविषयी, कारण भेटवस्तू शोधत आलेला माणूस आधी तिच्याकडेच वळतो. पत्र्याच्या पाट्या साडेतीनशे ते सहाशे रुपयांना आहेत. रंग भडक आहेत, कडा दुमडलेल्या आहेत, आणि दुरून पाहता त्या खरोखरच एखाद्या जुन्या पेट्रोल पंपावरून उतरवल्यासारख्या दिसतात. जवळून वाचू लागलो, की गंमत संपते. एका पाटीवर चॅलेंजरचे चित्र असून खाली १९६४ असे साल आहे. डॉज चॅलेंजर हे मॉडेल १९७० चे आहे. १९६४ मध्ये ते कोणाच्या कागदावरही नसावे. दुसऱ्या पाटीवर मस्टँगचा धावता घोडा उजवीकडे तोंड करून आहे. फोर्डचा घोडा डावीकडे धावतो, आणि एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी परवाना न घेता छापलेला बराचसा माल ओळखता येतो. फोर्ड, शेवरले किंवा डॉज यांच्या परवान्याने बनलेल्या वस्तूवर तसा उल्लेख आणि बहुधा चकचकीत शिक्का असतो. भिंतीवरच्या बावीस पाट्यांपैकी मला तो चार पाट्यांवर दिसला.

चाव्यांसाठी गिअरच्या दांड्याच्या आकाराचे एक कडे आहे, आणि ते या भिंतीवर सर्वाधिक खपते, असे मालकांची मुलगी म्हणाली. किंमत अडीचशे रुपये. दांडा खरोखर हलतो, आणि हातात घेतल्यावर तो हलवत बसण्याचा मोह होतो, हेही कबूल करतो. परंतु त्याच्या माथ्यावर सहा गिअरची आकृती कोरलेली आहे, आणि त्या काळातली मसल कार हाताने गिअर बदलण्याची असली, तर तिला तीन किंवा चार गिअर असत. चार गिअरचा, हर्स्ट कंपनीचा दांडा हा त्या गाड्यांचा मोठा मान होता. क्रायस्लरच्या गाड्यांत तर पिस्तुलाच्या मुठीसारखी मूठ येई. ती मूठ कड्यावर असती, तर मी चार नग घेतले असते. आजच्या गाडीचा दांडा कालच्या गाडीच्या नावाने विकण्यात लबाडी फारशी नाही, पण बेपर्वाई आहे.

मगांविषयी विशेष लिहिण्यासारखे नाही; चित्र तिसऱ्या धुण्यात फिके पडते, हे मी एक विकत घेऊन पाहिले आहे. टोप्या बऱ्या आहेत. स्टिअरिंगच्या आकाराचे भिंतीवरचे घड्याळ दिसायला भव्य, पण काटे लुकलुकते. घरात कोणी रात्री पाणी प्यायला उठले, तर दचकेल.

या भिंतीवरची एकच वस्तू मी मनापासून वाखाणतो. ती म्हणजे दाबल्यावर ‘बीप बीप’ असा आवाज करणारे, प्लिमथ रोड रनरच्या नावाचे एक छोटेसे भोंग्याच्या आकाराचे कडे. हे नवलाईचे खेळणे असले, तरी येथे नवलाई मूळ गाडीतच होती. १९६८ साली प्लिमथने अंगावरचे सारे नखरे उतरवलेली, आत साधी बैठक, पण पुढे ३८३ घन इंचांचे इंजिन असलेली गाडी २,८९६ डॉलरला आणली आणि तिला व्यंगपटातल्या धावऱ्या पक्ष्याचे नाव देण्यासाठी वॉर्नर कंपनीला ५०,००० डॉलर मोजले. त्या पक्ष्याच्या आवाजासारखा भोंगाही मुद्दाम तयार करून गाडीत बसवला. वीस हजार खपल्या तरी पुष्कळ, असा कंपनीचा अंदाज होता. पहिल्या वर्षी सुमारे ४५,००० गाड्या गेल्या. जी गाडी स्वतःच विनोदावर विकली गेली, तिचे स्मरण विनोदी कड्याने करणे योग्यच आहे. शिवाय कड्यावर परवान्याचा उल्लेख आहे आणि आवाज दोन महिन्यांनंतरही शाबूत आहे. माझ्या पुतण्याला दिलेले कडे मात्र त्याच्या आईने लपवून ठेवले आहे.

आता कपाटांकडे वळतो. पहिल्या कपाटात १:६४ या प्रमाणातल्या, म्हणजे तळहातात मावणाऱ्या गाड्या आहेत. येथे हॉट व्हील्सचा भरणा असणार, हे उघड आहे. मॅटेल कंपनीने १९६८ मध्ये हे नाव बाजारात आणले, तेव्हा पहिल्या सोळा गाड्यांत कॅमॅरो, मस्टँग, बॅराकुडा, फायरबर्ड अशा त्या घडीच्या मसल कारही होत्या. म्हणजे हे खेळणे आणि हा मोटारप्रकार एकाच वातावरणात वाढलेले आहेत. साधी गाडी येथे छापील किमतीला, दोनशे रुपयांच्या आत मिळते, आणि ही गोष्ट वाटते तितकी सामान्य नाही, कारण मागणी असलेल्या साध्या गाड्यांना छापील किमतीच्या दुप्पट-तिप्पट भाव लावणारे विक्रेते मुंबईत पुष्कळ आहेत. येथे तसा अनुभव आला नाही. रबरी टायर आणि चमकदार रंग असलेल्या, ‘टीएच’ ही अक्षरे अंगावर लपवलेल्या दुर्मिळ गाड्या मात्र मालक वेगळ्या ठेवतात आणि त्यांचा भाव वेगळा सांगतात. साध्या गाडीला रबरी चाके बसवून तिला दुर्मिळ म्हणून खपवण्याचा उद्योग चालतो, त्यामुळे अशी गाडी मूळ कागदावर चिकटलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या फुग्यातच घ्यावी, असा सल्ला त्यांनी मला न विचारता दिला. न विचारता त्यांनी दिलेला तो एकमेव सल्ला, याविषयी पुढे लिहीन.

प्रमाणाविषयी एक सूचना येथेच करतो. हॉट व्हील्सच्या सगळ्या गाड्या नेमक्या १:६४ नसतात. डब्यात आणि रुळांवर मावावी म्हणून मोठी गाडी थोडी आवळलेली आणि लहान गाडी थोडी फुगवलेली असते. १९६९ ची डॉज चार्जर सुमारे ५.२८ मीटर लांब होती, म्हणजे प्रमाणात ती सव्वाआठ सेंटिमीटर भरायला हवी. मी खिशात पट्टी घेऊन गेलो होतो. मालकांनी भुवया उंचावल्या, पण हरकत घेतली नाही. शेजारच्या खणात ग्रीनलाइट आणि ऑटो वर्ल्ड यांच्या, प्रमाणाबाबत अधिक काटेकोर असलेल्या गाड्या हजार-बाराशेच्या पुढे मिळतात. ज्याला पाचसहा गाड्या एका रांगेत लावून त्यांचे परस्परांतले लहानमोठेपण पाहायचे आहे, त्याने याच खणातून खरेदी करावी.

याच कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात, कुलूपबंद, मुंबईकराचे पाय अडकवणारा ऐवज आहे: १९८० च्या दशकात लिओ या नावाखाली भारतात बनलेल्या हॉट व्हील्स. माझ्या पिढीने या गाड्या गॅलरीच्या कठड्यावरून खाली सोडल्या, वाळूत पुरल्या, आणि मोठे झाल्यावर भंगारात घातल्या. आज परदेशातले संग्राहक त्यांचे रंग शोधत असतात, कारण येथे वापरलेल्या रंगांच्या आणि छापांच्या तऱ्हा इतर देशांतल्या गाड्यांवर आढळत नाहीत. मालकांकडे नऊ गाड्या आहेत. त्यांतल्या सहा विक्रीला आहेत आणि तीन केवळ पाहण्यासाठी. भाव विचारल्यावर मी विषय बदलला. रंग उडालेली, एक आस वाकलेली एक गाडी त्यांनी माझ्या हातात दिली आणि ती स्वतःच्या मुलीची असल्याचे सांगितले. बिले लिहिणाऱ्या मुलीने मान वर न करता, ‘आस मी नाही, दादाने वाकवली,’ अशी दुरुस्ती केली.

दुसऱ्या कपाटात १:२४ आणि १:४३ चा माल आहे. तो नीटनेटका आहे, पण मला त्यात रस वाटला नाही.

तिसरे कपाट १:१८ चे. येथे प्रत्येक गाडी हातभर जागा अडवते आणि किंमत साडेतीन हजारांपासून सुरू होऊन मर्यादित संख्येत काढलेल्या नगांसाठी पंधरा हजारांच्या वर जाते. किमती जास्त का आहेत, याचे कारण दुकानाच्या नफ्यापेक्षा कायद्यात अधिक आहे. खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के झाले. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआयचे चिन्ह सक्तीचे आहे. चौदा वर्षांखालील मुलांसाठी नसलेली, संग्राहकांसाठीची प्रतिकृती असे खोक्यावर लिहिलेला माल वेगळ्या रांगेत जातो. तरी एकूण खर्च गिऱ्हाइकापर्यंत येतोच. मालकांनी हे सारे मला बिलाच्या मागच्या बाजूला आकडे मांडून समजावले.

मामांसाठी मी याच कपाटातून १९७० ची प्लिमथ हेमी कुडा निवडली. किंमत ८,४०० रुपये. बॅराकुडा हे मूळ नाव. ती १ एप्रिल १९६४ रोजी, म्हणजे मस्टँगच्या सोळा दिवस आधी बाजारात आली होती, तरी सारे श्रेय मस्टँगने लाटले. १९७० च्या नव्या घडणीत तिला ४२६ घन इंचांचे, म्हणजे जवळजवळ सात लिटरचे हेमी इंजिन मिळाले. हेमी म्हणजे ज्वलनकक्षाचा माथा अर्धगोल असलेले. त्यामुळे झडपा मोठ्या बसवता येतात आणि हवा मोकळेपणाने आतबाहेर होते. कंपनी त्याची शक्ती ४२५ अश्वशक्ती सांगे. त्या काळचे आकडे इंजिन गाडीबाहेर, जोडसाहित्याशिवाय चालवून मोजलेले असत, आणि १९७२ पासून मोजण्याची रीत बदलल्यावर सगळ्याच कंपन्यांचे आकडे एका रात्रीत उतरले, हे ध्यानात ठेवून तो वाचावा. हेमी बसवलेल्या १९७१ च्या उघड्या टपाच्या कुडा फक्त अकरा बनल्या. त्यांतली एक २०१४ मध्ये अमेरिकेत ३५ लाख डॉलरला लिलावात गेली. आमची बंद टपाची आहे, आणि पत्र्याऐवजी जस्ताच्या मिश्रधातूची.

घरी आणून मी ती उजेडात तपासली. मूळ गाडी सुमारे ४.७४ मीटर लांब होती. प्रतिकृती पट्टीवर २६.३ सेंटिमीटर भरली, म्हणजे प्रमाण चोख आहे. १९७० ची कुडा आणि १९७१ ची कुडा यांत अनेक प्रतिकृती गफलत करतात: १९७० ला पुढे दोन दिवे, १९७१ ला चार, आणि १९७१ च्या पुढच्या मडगार्डवर माशाच्या कल्ल्यांसारख्या चार फटी. येथे दोन दिवे आहेत आणि मडगार्ड सपाट आहे. मागच्या अंगावर हॉकीच्या काठीसारखा काळा पट्टा असून त्याच्या टोकाला हेमी ही अक्षरे सुवाच्य आहेत. बोनेटला भोक पाडून इंजिनावरच बसवलेले हवेचे खोके मूळ गाडीत इंजिनाबरोबर थरथरत असे. प्रतिकृतीतही ते बोनेटला न चिकटवता इंजिनाला जोडलेले आहे, आणि बोनेट उचलल्यावर ते जागच्या जागी राहते. हे पाहून मी दुकानाविषयीची बरीचशी तक्रार मागे घेतली. इंजिन नारिंगी आहे, आणि ठिणगीच्या आठही तारा झाकणांच्या मधोमध आत शिरतात, जशा हेमीत शिरत. खाली मागच्या बाजूला स्प्रिंगचे पाटे, पुढे स्प्रिंगचेच काम करणाऱ्या पिळाच्या सळया आणि दुहेरी सायलेन्सर असे सगळे वेगवेगळे घडवलेले आहे, नुसते उठाव काढलेले नाही.

उणिवाही सांगतो. दरवाजांच्या बिजागऱ्या जाड आहेत, आणि दार पूर्ण उघडले की ते कुत्र्याच्या कानासारखे बाहेर लोंबते. आतल्या गालिच्याऐवजी करडा प्लास्टिक आहे. या किमतीत तो खुपतो. आणि खोक्यावर रंगाचे नाव प्लम क्रेझी असे छापले आहे. तो जांभळा रंग डॉजने त्या नावाने विकला; प्लिमथने तोच रंग इन-व्हायोलेट या नावाने दिला. गाडी प्लिमथ आणि रंगाचे नाव डॉजचे, असे खोके बनवणाऱ्याला कोणी अडवले नाही, याचे आश्चर्य वाटते.

माझी खरी तक्रार या वस्तूंपेक्षा दुकानाच्या एका सवयीविषयी आहे. चौथ्या भेटीत मी मालकांना चॅलेंजरच्या पाटीवरचे चुकीचे साल दाखवले. ते हसले आणि म्हणाले, की त्यांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, घोडाही उलटा आहे हे ठाऊक आहे, आणि गिअर चार हवेत हेही. ‘कोणी विचारले तर सांगतो. पाटी घेणारा चित्र बघतो, साल बघत नाही. भाडे पाट्यांवर निघते, म्हणून कपाट चालते.’ हिशेब म्हणून हे म्हणणे मला कळते. तरी, ज्या माणसाला १९७० आणि १९७१ च्या कुडामधला दिव्यांचा फरक झोपेतही सांगता येतो, त्याने उलट्या घोड्याची पाटी निमूटपणे कागदात गुंडाळून द्यावी, हे मला पटलेले नाही. परवान्याचा माल आणि बिनपरवान्याचा माल निदान वेगवेगळ्या खिळ्यांवर टांगता येईल. मी तसे सुचवले. त्यांनी चहा मागवला.

दुकानाकडून मिळालेली सेवा मात्र उत्तम आहे. कोणतीही गाडी खोक्यातून काढून हातमोजे घालून पाहू देतात, घाई करत नाहीत, आणि न घेता निघालो तरी तोंड वाकडे करत नाहीत. पावसाळ्यासाठीच्या सूचना छापलेला कागद पिशवीत टाकतात, आणि तो जपून ठेवण्यासारखा आहे: गाडी बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नये, काचेच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवून त्या जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा बदलाव्यात, रबरी टायर प्लास्टिकच्या तळावर वर्षानुवर्षे टेकून राहिले, तर तळाला चिकटून डाग पाडतात, म्हणून मध्ये कागदाची पट्टी घालावी. पत्र्याची पाटी समुद्राजवळच्या घरात लावायची असेल, तर मागच्या बाजूला आणि भोकांच्या कडांना पारदर्शक वार्निशचा हात द्यावा, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात ती खरोखरच जुनी दिसू लागते. ही शेवटची ओळ छापील नसून मुलीने हाताने लिहिलेली आहे.

चोर बाजाराशी तुलना केल्यावाचून मुंबईत असा लेख पुरा होत नाही. मटन स्ट्रीटवर अस्सल जुनी व्हीलकप, दिव्यांची कडी, नावाच्या पट्ट्या अजूनही हाती लागतात, पण त्या चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या गाड्यांच्या. मसल कारचा सुटा भाग तेथे कोणी दाखवलाच, तर सावध व्हावे. या दुकानातही गल्ल्यामागे एकच अस्सल वस्तू आहे: जुन्या प्लिमथच्या नाकावरचे क्रोमचे चिन्ह, ज्यावर शिडाचे मेफ्लॉवर जहाज आहे. मसल कारच्या काळातल्या प्लिमथवर हे जहाज नव्हते. मी ते मागितले. विकायचे नाही, असे उत्तर मिळाले.

पंच्याहत्तरीच्या दिवशी मामांनी खोके उघडले आणि गाडी आधी उलटी केली. पाटे पाहिले, मोजले, पिळाच्या सळयांवरून बोट फिरवले, आणि मगच सुलट करून रंगाकडे पाहिले. ‘प्लिमथ अशी असते होय रे?’ एवढेच त्यांनी मला विचारले. मग सात लिटरचे इंजिन पेट्रोल किती पीत असेल, या प्रश्नावर माझ्या मावसभावाशी त्यांचा जो वाद सुरू झाला, तो जेवणाच्या पंगतीतही चालू होता. त्या गडबडीत कोणाच्या तरी हाताने डावा आरसा तुटला. दुसऱ्या आठवड्यात मी तुटका आरसा चिमटीत घेऊन पोटमाळ्यावर गेलो. मालकांनी एका डबीतून तसाच दुसरा काढला, भिंगाखाली धरून चिकटवला, आणि पैसे घेतले नाहीत. उजवा आरसा मात्र नाही मिळणार, असे म्हणाले, कारण या गाडीला तो मुळात नाही. दुकान सोमवार ते शनिवार अकरा ते साडेसात उघडे असते, दुपारी दीड ते अडीच जेवणासाठी बंद असते, आणि जिन्यातला दिवा गेले कित्येक दिवस लागत नाही.